बोलणं मिस्तरींचं, फोटो मालकांचा

"आधी हिरीचं सांगा, मोटारीचं मागून," असं म्हणत मिस्तरी जळालेली मोटार पायाने बाजूला सारायचे. गिऱ्हाईक घाईला आलेलं असायचं. शेतात पीक उभं, मोटार बंद, आणि हा माणूस विचारतोय, पाणी किती खोल, शेजाऱ्याचा बोअर किती लांब, मुरूम कुठपर्यंत लागला. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. सोयरीक जमवायला आल्यासारखी चौकशी करतात आणि मग हत्याराला हात लावतात.

परभणीतल्या एका पंप कंपनीत मी प्रसिद्धीचं काम करायचे. ते तिथे दुरुस्तीच्या काउंटरवर मिस्तरी होते. चुडाव्याहून रोज रेल्वेने यायचे. कपाळावर भस्माचे पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. सगळे त्यांना मामा म्हणायचे. गाडीला उशीर झाला की रेल्वेच्या वतीने तेच माफी मागायचे. "आज इंजनाचा डोळा लागला व्हता," म्हणायचे.

मग पुण्याहून एक सल्लागार आला. पडद्यावर चित्रं दाखवत त्याने मालकांना समजावलं की पंप सगळेच विकतात, तुम्ही विचार विका. पाण्यातला जाणकार म्हणून तुमचं नाव झालं की ब्रँड आपोआप उभा राहतो. 'थॉट लीडरशिप' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अडचण एकच होती. मालकांना पाण्याबद्दल कधी कसला विचारच पडला नव्हता.

मला सांगण्यात आलं, मामांच्या शेजारी बस आणि लिहून घे. मी वही घेऊन बसले. मामा हौसेने सांगायचे. "लिवा ताई, लिवा. चार जणायला कामाला येईल." दर रविवारी जिल्ह्याच्या पेपरात लेख यायचा. वर मालकांचा फोटो, कोट घातलेला, हनुवटीला हात लावलेला. पाथरीच्या एका मेळाव्यात त्यांना पाहुणे म्हणून बोलावून शाल घातली. तिथे त्यांनी मामांची तीन वाक्यं म्हटली आणि टाळ्या घेतल्या. मी अवघडून मामांना म्हटलं, तुमचं नाव कुठेच येत नाही. ते हसले. "मालकाला लय कळायलंय आता. ऐकायला बरं वाटतंय."

एकदा त्यांनी आटत आलेल्या बोअरविषयी सांगितलं. पाणी खाली गेलं की बोअरमध्ये मोठी मोटार सोडू नका. ती घटकाभरात सगळं ओढते, वाळू आत येते, बोअर ढासळतो. लहान मोटार ठेवा, दोन तास चालवा, थांबा, पाणी भरू द्या. शेजाऱ्याशी पाळी लावून घ्या. मी तसाच लेख लिहिला.

त्याच महिन्यात कंपनीची नवी मोठी मोटार बाजारात येणार होती. मालकांनी मला वर बोलावलं आणि म्हणाले, लेखाचा शेवट फार निराशाजनक वाटतो. मग त्यांनी नवा शेवट सांगितला: पाणी खोल गेलं तर खचू नका, ताकद वाढवा. मी खाली येऊन मामांचा परिच्छेद खोडला आणि मालकांचा घातला. तेव्हा मी फक्त नोकरीचा विचार केला. तो विचार मात्र अस्सल माझा होता.

काही आठवड्यांनी राणीसावरगावची एक बाई काउंटरवर आली. नवरा ऊसतोडीला गेलेला, शेत तीच बघायची. हातात त्या लेखाचं कात्रण होतं. लिहिणाऱ्याला बोअर कळतो असं वाटलं, म्हणून तिने मोठी मोटार सोडली होती. पाचव्या दिवशी गढूळ पाणी आलं, मग बोअर ढासळला आणि मोटार पाइपांसकट खाली अडकली.

मामांनी मला कात्रण वाचायला सांगितलं. मी वाचत गेले, ते मान हलवत गेले. शेवटच्या परिच्छेदाला मान थांबली.

"हे खालचं कुणी लिवलं?"

"मी, मामा. मालकांनी सांगितलं होतं."

त्यांनी माझ्या हातातून कात्रण घेतलं आणि जिना चढले. मी मागोमाग गेले. केबिनमध्ये सल्लागारही होता. मामांनी उभ्यानेच सांगितलं, येत्या रविवारी छापा की तो सल्ला चुकीचा होता. अजून कुणी मोटार सोडायच्या आत छापा. मालक म्हणाले, बसा, चहा घ्या. सल्लागाराने समजावलं की चूक कबूल केली तर प्रतिमेला तडा जातो. त्यापेक्षा पुढचा लेख 'बोअरची निगा' या विषयावर देऊ. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मालक, मोटार तुमची हाय," ते म्हणाले. "इश्वास माझा व्हता. तो तुमी इकला."

आवाज चढला नव्हता. खाली येऊन त्यांनी आपले मोटार खोलायचे पाने पिशवीत भरले आणि त्या बाईबरोबर निघून गेले.

मीही तेव्हाच बाहेर पडले असं लिहायला मला आवडलं असतं. मी आणखी चार महिने तिथे होते. 'बोअरची निगा' मीच लिहिला. लोकांनी तो कापून भिंतींना चिकटवला. त्या सल्लागाराचा मला आजही संताप येतो, मालकांचा येतो. पण ते दोघं अडाणी होते, त्यांना पाण्यातलं काही कळत नव्हतं. मला कळलं होतं. मी ते माझ्या अक्षरात लिहून घेतलं होतं.

मामा निघून गेले त्याच आठवड्यातल्या रविवारी मी राणीसावरगावला गेले होते. मामा तीन दिवसांपासून तिथे बोअरवर तीन खांबांची तिपाई लावून साखळीने पाइप ओढत होते. पाइप वर आले, मोटार खालीच तुटून राहिली. बाईने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "मामा, कागदावर तुमचं नाव नव्हतं. मंग तुमी कामून आलाव?"

"नाव नव्हतं. बोलणं माझं व्हतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

नोकरी सोडल्यावर मी चुडाव्याला त्यांच्या घरी गेले. घर स्टेशनजवळच होतं, अंगणातच ते आता दुरुस्तीचं काम करायचे. त्यांनी चहा पाजला. नातवंडांचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं. मी माफी मागितली, त्यांनी मान डोलावली. मग मी सहज विचारलं, यंदा पाणी कसं आहे. ते गप्प बसले. माझ्याकडे वही नव्हती, तरी गप्प बसले.

तेवढ्यात मोटारसायकलवर कोणीतरी शेतकरी आला. मामा मला म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीचा टाइम झाला." गाडीला अजून तासभर अवकाश होता. मी उठले. फलाटावरून ते दोघं दिसत होते. मामा जमिनीवर काडीने काहीतरी काढून दाखवत होते, हात वरखाली करून सांगत होते, आणि तो माणूस पुढे वाकून ऐकत होता. मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.