हत्तीण गावाला गेली

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना इंग्रजी येत नाही. तरीही मुलांना टीव्हीवरचे इंग्रजी कार्टून सिनेमे मराठीतून सांगत बसतात. भाचीला आणायला गेले की मी दाराशी उभी राहून ऐकते. त्यांच्या सिनेमातल्या राक्षसाला फक्त भूक लागलेली असते आणि कोणीच मरत नाही. एका सिनेमात हत्तीच्या पिल्लाची आई, म्हणजे हत्तीण, कोसळली की मावशी घाईघाईने म्हणतात, "आई गावाला गेली हां. येईल." मुलांना असं फसवणं मला खटकायचं, पण बोलून दाखवायची माझी हिंमत नव्हती.

परवा एक नवीन मुलगी आली होती. तिची आई नुकतीच वारली, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. तिलाच तेवढं सांगितलेलं नव्हतं. हत्तीण कोसळली आणि मावशींनी नेहमीचं वाक्य म्हटलं.

"माझी आई पण गावाला गेलीय, पप्पा म्हणाले," ती मुलगी म्हणाली. "मावशी, दोघी कधी येणार गं?"

मावशींनी टीव्ही बंद केला. बाकीची मुलं ओरडायला लागली, तरी तिला मांडीवर घेतलं.

"हत्तीण नाही यायची, बाय. ती मेली. मी खोटं सांगत होते."

"आणि माझी आई?"

"ते पप्पा सांगतील. मी तुझ्या शेजारी बसेन."

मग तिला तसंच धरून त्यांनी फोन लावला.

"आज लवकर या घरी. नाही हो, पडली-बिडली नाही. तिने विचारलंय."