वंगण संपलं म्हणे

गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे प्रत्येक जण मेकॅनिक होतो. माझ्या गुडघ्याची वाटी झिजली आहे, असं डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, आणि आठवड्याभरात अख्ख्या खांदा कॉलनीने निदान बदलून टाकलं: वंगण संपलं. समोरच्या वहिनींनी मेथ्या भिजवायला सांगितल्या, खालच्यांनी डिंकाचे लाडू पाठवले. आपट्याहून आलेल्या नणंदेने पायाला तेल चोळता चोळता फर्मानच काढलं, "वयनी, वंगन संपलाय तुमचा. आता खाली बसाचा नाय, जिना चढाचा नाय."

वंगण! मी काय शिलाई मशीन आहे? पण एकदा मशीन ठरवलं की ते जपून वापरायचं आलं. चांगली वस्तू न वापरता जपायची आपल्या लोकांना भारी खोड. पाहुण्यांचे कप कपाटात, पैठणी कपाटात, तसा माझा गुडघाही कपाटात गेला. सोसायटीच्या पूजेत सगळ्या बायका सतरंजीवर आणि मी खुर्चीवर, मुख्य पाहुणी असल्यासारखी. भाजी नवरा आणणार, दूध नवरा आणणार. मी गॅलरीत. दुखणं मात्र तसूभर हललं नाही, उलट खुर्चीतून उठताना वाटीखाली वाळू भरल्यासारखं करकरायला लागलं.

मग ह्यांनी जाहीर केलं, "तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुझ्या गुडघ्यांसाठी हे घर विकू या. तिकडे कोन गावाला टॉवरमध्ये घेऊ." कोनला काय आहे? हायवे आहे आणि लिफ्ट आहे. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. माझा सगळा संसार या घरात झाला. मला ते सोडायचं नव्हतं, आणि त्या दिवशी मी चक्क रडले.

रडून झाल्यावर एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने मला पायरीवरून उतरायला लावलं आणि तोंडावर सांगितलं, "काकू, वाटीपेक्षा तुमची मांडी जास्त झिजलीय. उतरताना गुडघा आत पडतो, कंबर एका बाजूला जाते, आणि सगळा भार कठड्यावर. स्नायूंना काम नाही दिलंत तर ते कशाला राहतील?" वर्षभराच्या जपणुकीचा हा हिशेब. मेथ्या आणि लाडू खाऊन वजन तेवढं वाढलं होतं. तिने खुर्चीतून हात न टेकता उठायला शिकवलं, पायरी उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत ठेवायला शिकवलं. मी रोज करायची. हे पेपराआडून म्हणायचे, "उगाच झिजवू नकोस."

आणि घर बघायला एक जोडपं आलंच. त्यातल्या बाई धापा टाकत आत आल्या. "इतकं छान घर, मग विकता का?"

"हिचे गुडघे," हे म्हणाले. पोलिसांना आरोपी दाखवावा तसे.

जोडपं निघालं तेव्हा मी म्हटलं, चला, खाली सोडायला येते. हे "अगं, अगं" करत राहिले. मी उतरले. पाऊल सरळ, गुडघा पावलावर, कठड्याला नुसती बोटं. दुखलं, पण उतरले.

जोडपं गेटबाहेर गेलं तरी ह्यांचा पत्ता नाही, म्हणून वळून पाहिलं. हे अजून जिन्यातच. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, आणि गुडघा आत कोसळलेला. रोज पिशव्या घेऊन हे कसे येत-जात होते, ते मला गॅलरीतून कसं दिसणार?

"कधीपासून?" मी विचारलं.

"कसलं काय. चप्पल सैल आहे."

असा संताप आला! "लिफ्ट तुम्हाला हवी होती, तर तसं म्हणायचं. दुखतंय तुमचं आणि घर विकताय माझ्या नावावर!"

ते तिथंच पायरीवर बसले. थोड्या वेळाने उठायला गेले तर उठता येईना, म्हणून माझ्यापुढे हात केला. "घर विकायचं नाही," असं त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत मी तो धरला नाही.