एक्सरेबाईंची झडती

भाचा न्हाणीघराच्या भिंतीची मापं घेत होता आणि बाई दाराआडून त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

"कशाला रे ही मापं?"

"काही नाही मावशी, असंच," असं म्हणून त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली.

हा "असंच" बाईंनी एकतीस वर्षं ऐकला होता. कपड्यांच्या कारखान्यात बायकांच्या फाटकाशी पडद्याआड त्या उभ्या असायच्या. सुटीचा भोंगा झाला की प्रत्येकीचा डबा, पिशवी, कंबर, बाह्या चाचपून बघायच्या आणि मगच तिला बाहेर सोडायच्या. पिशवीत काय आहे विचारल्यावर जी "काही नाही, असंच" म्हणायची, तिची पिशवी त्या दोनदा उपडी करायच्या. बायका पाठीमागे त्यांना एक्सरेबाई म्हणत. पुढं तोंडावरही म्हणू लागल्या. बाईंनी कधी राग दाखवला नाही. खरं तर त्यांना ते आवडायचं.

आता बाई त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. भाचा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा डोकावायचा. त्या महिन्यात मात्र तो तीनदा आला. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आणि एवढंच नव्हतं. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसला. प्रत्येक मजल्यावर वळणापाशी कुणीतरी एकेक खुर्ची आणून ठेवली. फुकटात खुर्ची कोण कशाला ठेवेल? तळमजल्यावरच्या सिस्टर दवाखान्यातून येता येता थांबून विचारू लागल्या, "एकट्याच असता ना बाई? कुणी येतं-जातं का? सकाळी किती वाजता उठता?" असले प्रश्न चोर विचारतात, हे बाईंना ठाऊक होतं. एकदा त्या जिना उतरत होत्या, तर खाली सिस्टर आणि भाचा हळू आवाजात बोलत उभे. बाईंची चाहूल लागताच दोघंही गप्प झाले.

कुठंतरी पाणी मुरत होतं. बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. चौथ्याच दिवशी सिस्टर आपली फाइल पहिल्या मजल्यावरच्या खुर्चीवर ठेवून कुणाच्या तरी घरात गेल्या. बाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि फाइल उघडली. आत एकोणीस घरांची यादी होती. त्यांच्या घराच्या क्रमांकापुढं लिहिलं होतं, "एकटी. तिसरा मजला. भाच्याशी बोलणं झालं."

बाईंनी फाइल मिटून होती तशी ठेवली. कसलं बोलणं? आपल्याला कुठल्या तरी आश्रमात नेऊन टाकायचं आणि घर मोकळं करायचं, दुसरं काय असणार? आणि हे आत्ताच का, याचंही उत्तर त्यांच्याकडं होतं. बारा दिवसांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. कोपरापासून खांद्यापर्यंत हात काळानिळा झाला होता. त्यांनी कुणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती, लांब बाह्यांचे कपडे घालून वावरत होत्या. तरी कुणाला तरी कळलं असलं पाहिजे.

रविवारी सकाळी इमारतीच्या तळमजल्यावर बैठक होती. बाई सगळ्यांत मागं बसल्या आणि सिस्टरनी बोलायला तोंड उघडताच उठून उभ्या राहिल्या.

"माझं घर त्या यादीत कशाला? आणि माझ्या भाच्याशी परस्पर काय बोलणं झालं, ते सगळ्यांसमोर सांगा."

सिस्टर रागावल्या नाहीत. "बसा बाई, सांगते. तळमजल्यावरचे घड्याळवाले काका थंडीत पडले, ते दोन दिवस घरात तसेच पडून होते. दाराबाहेर वर्तमानपत्रं साचली होती. मी कामावर जाता-येता चार वेळा त्या वर्तमानपत्रांवरून पाय टाकून गेले. मी, सिस्टर असून. काका दवाखान्यात तीन आठवडे काढून गेले. अठ्ठेचाळीस घरं आहेत इथं, त्यातल्या एकोणीस घरांत सत्तरीच्या वरची माणसं आहेत आणि बारा घरांत ती एकटी आहेत. दहा वर्षांनी आपल्यातले निम्मे त्या खुर्च्यांवर बसत बसत जिना चढत असतील. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काहीतरी घडी बसवू, एवढंच."

बाई खाली बसल्या. ती वर्तमानपत्रं त्यांनीही बघितली होती. काका गावाला गेले असतील असं वाटून त्या पुढं गेल्या होत्या. ज्या बाईच्या नजरेतून सुई सुटायची नाही, ती दोन दिवसांची वर्तमानपत्रं ओलांडून गेली होती.

भाचा कोपऱ्यात उभा होता. "न्हाणीघरात धरायला दांड्या बसवायच्या होत्या, मावशी. आधी सांगितलं असतं, तर मापं घेऊ दिली असतीस का?"

बाईंनाही ठाऊक होतं, दिली नसती.

सिस्टरची योजना साधी होती. आधी सगळ्या म्हाताऱ्यांनी तब्येतीच्या प्रश्नांचा एक कागद भरून द्यायचा. एकट्या माणसानं दाराच्या कडीला पुठ्ठ्याचं कार्ड अडकवायचं, एका बाजूनं हिरवं, दुसऱ्या बाजूनं लाल. रात्री लाल बाजू बाहेर ठेवायची आणि सकाळी आठच्या आत हिरवी करायची. प्रत्येकाला एक जोडीदार. कार्ड हिरवं दिसलं नाही तर जोडीदारानं घंटा वाजवायची, आणि आतून ओ आली नाही तर किल्लीनं दार उघडायचं. म्हणजे किल्ली जोडीदाराकडं द्यायची.

बाईंची जोडी निघाली दुसऱ्या मजल्यावरच्या रीळवालीशी.

हे नाव कारखान्यातलं. ती शिलाईवर होती. एकोणीस वर्षांपूर्वी बाईंनी तिच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली दडवलेली दोऱ्याची अकरा रिळं पकडली होती. त्याच आठवड्यात तिची नोकरी गेली. पुढं तिच्या मुलानं याच इमारतीत घर घेतलं, आईला ठेवलं आणि स्वतः नोकरीसाठी परगावी गेला. तीन वर्षं दोघी एकाच जिन्यानं चढत-उतरत होत्या, पण एकमेकींशी शब्द नव्हता.

"दुसरी कुणी नाही का?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या मजल्याच्या सगळ्यांत जवळ त्याच आहेत," सिस्टर म्हणाल्या.

रीळवाली शांतपणे म्हणाली, "मला चालेल." तिच्या त्या शांतपणाचाच बाईंना जास्त संशय आला. हिला सूड घ्यायचाय, किंवा घरात शिरायचंय. किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा बाईंनी कपाटातून किल्ली काढली, पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. ती जुन्या कुलपाची होती. ते कुलूप बदलून पाच वर्षं झाली होती.

पहिल्या आठवड्यात बाईंनी रीळवालीच्या कार्डावर नीट लक्ष ठेवलं. ते रोज सहाच्या आधीच हिरवं झालेलं असायचं. ही आदल्या संध्याकाळीच फिरवून ठेवत असणार, अशी बाईंची खात्री झाली. एके दिवशी सहा वाजता खाली जाऊन त्यांनी घंटा वाजवली. रीळवालीनं दार उघडलं. आंघोळ झालेली, केस ओले.

"कार्ड हिरवं आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे. खात्री करायला आले."

"मग हात वर करू का?"

बाई वर निघून आल्या, पण ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बाई सकाळी उठल्या, न्हाणीघराकडं निघाल्या आणि दारातच डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आल्या तेव्हा त्या जमिनीवर होत्या. आधीच दुखावलेला हात अंगाखाली होता आणि पाय ऐकत नव्हते. मोबाइल पलंगावर राहिला होता. दांड्या अजून बसायच्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली.

घंटा वाजली. मग पुन्हा वाजली. मग किल्ली कुलपात शिरल्याचा आवाज आला. अर्धीच शिरली. खरखर झाली, किल्ली बाहेर निघाली, उलटी होऊन पुन्हा शिरली. बाईंनी डोळे मिटले. उभ्या आयुष्यात त्यांना इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बाई, आत आहात का?"

"आहे. पडलेय."

"किल्ली लागत नाहीये."

"लागायची नाही ती. जुन्या कुलपाची आहे."

दारापलीकडं किल्ली कुलपातून बाहेर निघाली. ती आता निघून जाईल, असं बाईंना वाटलं. गेली असती तरी तिला बोल लावता आला नसता.

"रक्त येतंय का?" रीळवालीनं विचारलं.

"नाही."

"मग घाई करू नका. कुशीवर वळा. सिस्टरला मी फोन लावते. त्या येईपर्यंत जमेल तेवढं सरका. मी इथंच आहे."

दारापर्यंत सरकायला बाईंना वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ रीळवाली दाराबाहेरून बोलत राहिली. मुलाचा फोन येत नाही, टाकीचं पाणी गढूळ येतं, असलं काहीबाही. शेवटी बाईंनी स्टूल धरून, गुडघ्यांवर उठून आतून कुलूप उघडलं.

रीळवाली आत आली, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि समोर बसली. "बाही वर करा."

"काही नाही, मुका मार आहे."

"वर करा म्हणते ना."

बाईंनी बाही वर केली. नव्या लाल डागाखाली जुना, पिवळा पडत चाललेला डाग होता. रीळवालीनं तो बोटानं हलकेच दाबून बघितला. "हा आजचा नाही. महिना तरी झाला असेल. सिस्टरच्या कागदावर काय लिहिलंत, पडलात का म्हणून विचारलं होतं तिथं?"

"नाही असं लिहिलं."

"का?"

"उचलून कुठंतरी नेऊन टाकतील म्हणून."

रीळवालीनं मान हलवली. मग बाईंच्याच तोंडून निघून गेलं, "त्या रिळांचं… तू नेली होतीस ना? का कुणी तुझ्या डब्यात घातली होती?" हा प्रश्न त्यांनी एकोणीस वर्षं कुणाला विचारला नव्हता.

"मीच नेली होती. घरी शिलाई घ्यायचे, दोरा लागायचा." रीळवालीनं बाईंची बाही खाली ओढली. "पण ती चौथी खेप होती, बाई. तीनदा तुमच्या हाताखालून नेली."

पडल्याच्या दुखण्यापेक्षा हे बाईंना जास्त झोंबलं. "शक्य नाही. कुठून नेलीस?"

"अंबाड्यातून."

बाईंची नजर तिच्या अंबाड्यावर गेली. मग त्यांना हसू फुटलं, हात दुखत होता तरी आवरेना. सिस्टर धापा टाकत वर आल्या तेव्हा दोघी जमिनीवर बसून हसत होत्या, आणि पडलेलं माणूस कोणतं, हे त्यांना क्षणभर कळलं नाही.

दवाखान्यात कळलं की रक्तदाबाची गोळी जास्त होत होती, त्यामुळं उठताना चक्कर यायची. डॉक्टरांनी ती निम्म्यावर आणली. भाच्यानं दांड्या बसवल्या. त्या नीट बसल्यात का, हे बाईंनी त्याच्यासमोर लोंबकळून तपासलं. नव्या कुलपाची किल्लीही त्यांनी दिली, पण आधी रीळवालीला बाहेर उभं करून दोनदा लावून बघायला लावली.

मग त्या सिस्टरकडं गेल्या. "तुमचा कागद बिनकामाचा आहे. पडलात का, जेवलात का, असं विचारून कुणी खरं सांगत नाही. मी सांगितलं नाही. लपवणारं माणूस कसं ओळखायचं, ते मला विचारा."

"कसं ओळखायचं?"

"विचारायचंच नाही. चहा मागायचा. कप भरताना हात कापतो का, साखरेचा डबा चाचपून शोधतात का, उठताना टेबल धरतात का, ते बघायचं. स्वयंपाकघरात कोरडी भांडी दिसली तर समजायचं, कालपासून चूल पेटली नाही."

सिस्टरनी कागद फाडला नाही, पण घरोघरी जाताना बाईंना बरोबर घेऊ लागल्या. दुसऱ्याच महिन्यात बाईंनी दोन घरांतली लपवाछपवी उघडी केली. एका आजोबांना दिसेनासं झालं होतं, आणि एक आजी दाढदुखीमुळं पंधरा दिवस नुसतं पाणी-बिस्किटांवर होत्या. लोक आता त्यांना बघून जरा सावरून बसत. काहींना त्यांचा रागही येई. बाईंना त्याची सवय होती.

रीळवालीवरचा त्यांचा संशय काही पूर्ण गेला नाही. ती समोर आली की बाईंची नजर आधी तिच्या अंबाड्याकडं जाई, आणि तीही मुद्दाम मान वळवून तो दाखवी.

पुढच्या बैठकीत चौथ्या मजल्यावरचा, पंचेचाळिशीचा एक गृहस्थ म्हणाला, "हे सगळं म्हाताऱ्यांसाठी ठीक आहे. आमचा वेळ त्यात कशाला?"

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मघाशी तो जिना उतरताना त्यांनी बघितला होता.

"डावा गुडघा कधीपासून दुखतोय?" त्यांनी विचारलं.

गृहस्थ बायकोकडं बघू लागला. तिला हे माहीत नव्हतं.