काळुरामची रेघ

बाळकुमच्या मिठागरावर काळुराम अठ्ठेचाळीस साली उघाडीवर लागला. उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची झडप. खाडीचं पाणी तिथूनच आत घ्यायचं, तिथंच अडवायचं. पाण्यात उतरून फळ्या ओढाव्या लागत, म्हणून शेटला उंच माणूस हवा होता. मुकादमानं काळुरामला कचेरीच्या चौकटीला टेकवलं, डोक्याशी सुरीनं रेघ मारली, झाली नोकरी पक्की.

दर भादव्याच्या अमावास्येला, ऐन उधाणात, तो उघाडीच्या एकाच दगडावर उभा राहायचा. पहिल्या वर्षी पाणी बेंबीला लागलेलं. आठ वर्षांत ते चार बोटं वर आलं. आणि कोमट लागायला लागलं, हे तो बायकोला, आवडाबाईला, सारखं सांगायचा. ती म्हणायची, मला सांगून काय होणार, शेटला सांगा, कोजागिरीच्या उधाणाआधी बांध चढवा म्हणावं.

त्यानं सांगितलं. कचेरीत शेटशेजारी त्याचा पुतण्या त्र्यंबक बसलेला, मुंबईला सायन्स शिकणारा. पाणी तापलं की फुगतं हे त्याला पाठ होतं, पण एवढा समुद्र, आठ वर्षांत? तो काळुरामकडे बघून हसला. "समुद्र नाही फुगला काका, तुम्ही आखडलात."

काळुराम असा चिडला की बस. "मी तवराच हाय. मोजा ना." आणि स्वतःच जाऊन चौकटीला टेकला.

डोकं रेघेच्या दोन बोटं खाली.

मुकादमाला हसून हसून ठसका लागला. पाणी चार बोटं चढलं, माणूस दोन बोटं आखडला, मग उरलेली दोन बोटं कुठून आली, हे सायन्सवाल्यानंही विचारलं नाही. शेटला भलतंच सुचलं. उघाडीवर उंच माणूस लागतो ना? त्याच दिवशी काळुरामला चिखलाच्या पाट्या वाहायला लावलं आणि चौकटीवर रतन नावाच्या पोराची नवी रेघ आली. बांध होता तेवढाच राहिला.

कोजागिरीला भर दुपारी उधाण आलं. पाणी बांधावरून दोन बोटं वाहिलं, दोनच, पण मातीचा बांध तेवढ्यानं फुटला. गवताखाली झाकलेली मिठाची रास संध्याकाळपर्यंत विरघळून खाडीत गेली.

रतन चिखलानं माखून कचेरीत उभा राहिला. फळ्या वेळेवर लावलेल्या, शेट, पाणीच वर आलं, असं परत परत सांगत राहिला. शेट चिडलाही नाही.

"चल, चौकटीला टेक," म्हणाला.

रतननं दारातून काळुरामकडे पाहिलं. काळुराम थांबला नाही. डोक्यावर पाटी होती.