घरकोंबड्याचं दार

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली घरकोंबडा म्हणायची. हा शब्द कोणाच्या तोंडून येतो त्यावर त्याची चव ठरते. बायको होती तेव्हा ती 'आमचा घरकोंबडा' असं कौतुकाने सांगायची. मेव्हणा तोच शब्द अंगावर फेकल्यासारखा म्हणायचा. गिऱ्हाइकांना तर तो सोयीचाच होता. फाटकी खुर्ची कधीही आणून टाका, दार उघडणारच. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. बादलीत वेत भिजत घालावा, खिडकीशी बसावं, विणत राहावं.

मुलगी मात्र एक दिवस बिथरली. तिचं ऑपरेशन झालं तेव्हा हा दवाखान्यात फिरकलाच नाही. खालच्या शिंपीणबाईंच्या हाती डबा पाठवून मोकळा झाला. बरी झाल्यावर ती आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"घरकोंबडा म्हणवून घेतोस आणि सुटतोस, बाबा. मी मेले असते तरी डबाच पाठवला असतास."

ती गेली. वर्ष होत आलं तरी आली नाही, आणि फोन केला की म्हणायची, "कामात आहे."

तेव्हापासून घर त्याला खायला उठलं. वेताची पट्टी भलत्याच भोकातून जायची. उसवायचं, पुन्हा ओवायचं. बसला की उठावंसं वाटे, उठला की खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या. जायचं कुठे ते पक्कं माहीत होतं, पाय तेवढा उचलत नव्हता.

शेवटी एका रविवारी त्याने अर्धी विणलेली खुर्ची तशीच टाकली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कोणाला न सांगता निघाला. जन्मात कधी बाहेर जाताना सांगायची वेळ आली होती? दार ओढून घेतलं, लॅच आपोआप लागलं. बसमध्ये जागा असून तो उभाच राहिला आणि भलत्याच थांब्यावर उतरायला निघाला. मुलीच्या मजल्यावर पोचला तर दाराला कुलूप. जिन्यात बसला, उठला, खाली डोकावून आला, पुन्हा बसला. आपण येणार हे तिला कळायचं कारण नव्हतं, तरी ती आपल्याला टाळायलाच गेली असं त्याच्या मनाने घेतलं. बराच वेळ वाट पाहून तोंड पाडून तो परत फिरला.

आपल्या जिन्यात बघतो तर गर्दी. दार चौकटीतून निखळलेलं, शेजारचा सुतार हातात पहार घेऊन घाम पुसतोय.

शिंपीणबाई कडाडल्या, "अहो, कुठे उलथला होतात? पोरगी केव्हाची दार बडवत होती, आत फोन नुसता वाजत होता. तुम्ही घरात नाही असं होईल का कधी? आम्हाला वाटलं, आत पडलात बिडलात आणि..." पुढचं त्यांनी गिळलं.

तो बाहेर गेला असेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आत मुलगी जमिनीवर बसली होती, डोळे सुजलेले. "कुठे होतास?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे? तू?"

"तुझ्या समोरच्यांचं कुत्रं सारखं भुंकत होतं," तो म्हणाला. "जिन्यातला दिवाही गेलाय तुमच्या."

मग तिला पटलं, आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "मला वाटलं, मी राग धरून बसले आणि तू गेलास."

तो तिच्याशेजारी खाली बसला. "मीही तुझ्या ऑपरेशनच्या वेळी असाच घाबरलो होतो गं. तुझ्या आईला त्याच दवाखान्यात नेलं होतं. ती परत आली नाही. मला त्या पायऱ्या चढवेनात."

"मग तेव्हा हे का नाही सांगितलंस?"

"सगळे घरकोंबडा म्हणत होते," तो म्हणाला. "मला ते सोपं पडलं."

तिने त्याचा हात धरला तो सोडला नाही. बाहेर सुतार लोकांना हळूहळू जिन्यातून खाली पिटाळू लागला.