कार्डावरचे कुंकू

यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी ते खिडकीच्या लोखंडी गजावर उजवा तळवा ठेवीत आणि क्षणभर तसेच उभे राहत. प्रथम हे पाहिले तेव्हा मला भरून आले. आमच्या पाठशाळेत कोणतेही कार्य वंदनावाचून सुरू होत नाही. बाहेरून आलेला हा चाळिशीचा गृहस्थ न सांगता तीच मर्यादा पाळतो आहे, असे वाटून मी शेजारच्या सहकाऱ्यांना हळूच म्हणालो, की याला म्हणतात संस्कार. त्या गृहस्थांनी ते ऐकले. गजावरचा हात न काढता म्हणाले, "नमस्कार न्हाई, गुरुजी. अंगातली वीज जमिनीत सोडाय लागती. न्हाईतर आतलं जळतं."

सहकारी हसले. मी हसलो नाही, कारण मला त्यांचा नमस्कारच अधिक पटला होता.

ते नेकनूरचे. सकाळच्या बसने बीडला येत, कचेऱ्यांतले आणि शाळांतले संगणक दुरुस्त करीत आणि संध्याकाळी परत जात. आमच्या पाठशाळेला एका कचेरीने वापरातून काढलेला सर्व्हर दान म्हणून मिळाला होता. सर्व्हर म्हणजे अनेकांच्या उपयोगी पडणारा, दिवसरात्र जागा राहणारा मोठा संगणक. त्याची देखभाल त्यांच्याकडे होती. त्या यंत्राला ते 'म्हातारं' म्हणत. आल्याबरोबर त्याच्या पाठीवर थाप मारून विचारीत, "काय बे, जित्ता हायस ना?" आणि पंख्याचा आवाज ऐकून समाधानाने बसत.

आपण अनेक कारागिरांच्या पिशव्या पाहिल्या असतील. यांची हत्यारे आजोबांच्या चंचीत असत. पान, सुपारी, तंबाखू ठेवण्याच्या त्या कापडी कप्प्यांतून आता बोटाएवढे पेनड्राइव्ह निघत, आणि प्रत्येकाला निराळ्या रंगाचा दोरा बांधलेला असे. चंचीला तंबाखूचा वास अजून होता. मी एकदा तसे म्हणालो, तेव्हा ते म्हणाले की आज्याचं तेवढंच राहिलंय, ते धुऊन कशाला घालवायचं.

आता त्या म्हाताऱ्याच्या पोटात काय होते, ते सांगितले पाहिजे. मी अध्यापनातून निवृत्त झाल्यावर जिल्ह्यातल्या जुन्या घरांतील हस्तलिखित पोथ्या शोधण्याचे काम हाती घेतले. चकलांब्याला गेलो, युसूफ वडगावला गेलो, जिथे जिथे माळ्यावर एखादे गाठोडे असल्याचे कळले तिथे गेलो. पोथी पाठशाळेत आणावी, पानापानाचे छायाचित्र घ्यावे, ते सर्व्हरमध्ये ठेवावे आणि पोथी घरच्यांना परत करावी, असा क्रम आठ-नऊ वर्षे चालला. पोथ्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

परंतु जीर्ण झालेली पोथी घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी, अशी आपल्याकडची रीत आहे. घरची माणसे मला येऊन विचारीत, की आता संगणकात आली आहे, तर गोदावरीत विसर्जन करावे का. मी अनुमती देत असे. काही वेळा स्वतः नदीवर जाऊन मंत्र म्हटले. यांना ते आवडत नसे. एकदा सरळ म्हणाले, "दुसरी परत झाल्याबगर सोडू देऊ नका, गुरुजी. एकच परत म्हंजे एकबी न्हाई." मी त्यांना जीर्ण वस्त्राचा दृष्टान्त सांगितला. वस्त्र जाते, आशय राहतो. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारले, "जुना सदरा काढायच्या आधी नवा हातात पायजे का न्हाई?"

मला ते पटले; दुसरी प्रत काढायचे मात्र तरीही राहून गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांऐवजी लेखण्या, दौती आणि ग्रंथ यांची पूजा होते. त्या वर्षी मला वाटले, ज्या यंत्राने इतक्या पोथ्या उदरात धरल्या आहेत त्याला वगळणे कृतघ्नपणाचे आहे. मी त्याला गंध लावले, फूल वाहिले आणि दूर्वांनी प्रोक्षण केले. कुंकुमोदकाचे थेंब वरच्या जाळीतून आत गेले. आत काहीतरी चरचरले, पंखा थांबला आणि सगळे दिवे एकदम विझले.

ते तेव्हा नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले होते. दसऱ्याला दरवर्षी आईला घेऊन जात. फोनवर मी एवढेच सांगितले, की यंत्र बंद पडले आहे. ते म्हणाले, की कुणाला हात लावू देऊ नका, मी येतो. ते परतेपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. डोळे मिटले की नदीत सोडलेली पाने दिसत. एकेक घर आठवे आणि त्या घरी आता काय सांगायचे, हा प्रश्न उभा राही.

चौथ्या दिवशी ते आले. गजावर हात ठेवला, झाकण उघडले आणि बराच वेळ आत पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिले. खोलीत पाठशाळेच्या समितीचे अध्यक्ष होते, निवृत्त मामलेदार, कोणत्याही कामाचा निकाल तत्काळ मागणारे. कशाने झाले, असे त्यांनी विचारले. हे म्हणाले, की मशीन जुनं हाय, बोर्ड गेलाय.

त्याच जातीचा एक बोर्ड त्यांनी दुसऱ्या भंगार सर्व्हरमधून काढून आणला आणि बसवला. दिवे लागले. यंत्र चालवणारी मूळ प्रणाली, ज्याला ते सिस्टिम म्हणत, तीही नव्याने भरली. परंतु पोथ्या ज्या चार डिस्कांवर होत्या, त्यांचा पडद्यावर पत्ताच नव्हता. त्यांनी मला समजावून सांगितले, की त्या डिस्का एका कार्डाला जोडलेल्या आहेत आणि सगळा कारभार ते कार्ड पाहते. कार्डाची भाषा जुनी, सिस्टिम नवी; मध्ये दुभाष्या पाहिजे. त्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात.

चंचीतून हिरव्या दोऱ्याचा पेनड्राइव्ह निघाला. त्यातला ड्रायव्हर घालताच सगळा पडदा निळा होऊन यंत्र थांबले. मग पांढऱ्या दोऱ्याचा. या वेळी डिस्का दिसल्या, चारही दिसल्या, पण कोऱ्या. यंत्र विचारीत होते, की या डिस्का नव्याने वापरायला घेऊ का.

अध्यक्ष मागून म्हणाले, की दिसल्या ना, मग हो म्हणून टाका. ज्या दुकानदाराला त्यांनी फोनवर विचारले होते, त्यानेही नव्याने सुरू करा असाच सल्ला दिला होता.

यांनी माउसची वायर उपटली आणि माउस सदऱ्याच्या खिशात घातला. "हो म्हनलं की गेलं सगळं, सायेब," ते म्हणाले. "मी चहा पिऊन येतो. तवर हितं कुनी काय दाबू नका."

मी त्यांच्यामागे चहाच्या टपरीवर गेलो. खिशातून माउसची शेपटी लोंबत होती आणि टपरीवाला तिच्याकडे पाहत होता. तिथे मी सांगितले, की पाणी मी शिंपडले. हे वाक्य उच्चारण्यास मला आयुष्यातल्या कोणत्याही वाक्याहून अधिक श्रम पडले.

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "ठावं हाय मला. कार्डावर कुंकू हाय की सगळं. लगीन लावायचं व्हतं का म्हाताऱ्याचं?"

मी म्हणालो, की तुम्ही अध्यक्षांना सांगितले का नाही.

"सांगून डिस्क दिसनार हाय का? ते तुमच्या मागं लागतील, तुमी रडत बसताल, आन् मला काम हुयाचं न्हाई." मग बशी ठेवता ठेवता ते थांबले. मी विचारले, काय झाले. "कार्डावर नंबर असतो," ते म्हणाले. "त्यो मी वाचला. पन शेवटचा आकडा कुंकवाखाली असंल तर?"

परत येऊन त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला आणि कार्डावर चिकटवलेली नंबराची चिठ्ठी इतक्या हलक्या हाताने पुसली, की मला जुन्या ताडपत्रावर तेल लावणारे हात आठवले. लाल डाग गेला. खालून आणखी एक आकडा निघाला. आतापर्यंत ते या कार्डाच्या थोरल्या भावाचा ड्रायव्हर धाकट्याला घालत होते.

न्यायशास्त्रात मी पुष्कळ वर्षे शिकवले आहे, की वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येत नाही. दिसण्याजोगी सर्व सामग्री असूनही दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, तर आधी दिवा आणावा. हे मला मुखोद्गत होते. तरीही त्या तीन दिवसांत मी अभाव मानून मोकळा झालो होतो. दिवा शोधीत बसले ते हे गृहस्थ.

या कार्डाचा ड्रायव्हर नारिंगी दोऱ्याच्या पेनड्राइव्हवर सापडला. केजकडच्या एका कचेरीत असेच म्हातारे होते, तेव्हापासून त्यांनी तो जपून ठेवला होता. तो भरला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. मी जप सुरू केला. "मनात करा, गुरुजी," ते म्हणाले, "मला पंखा ऐकाय येईना."

मी मनात केला. पडदा काळा होता, मग निळसर झाला, आणि मग पोथ्यांच्या नावांची यादी एकेक ओळ करीत खालपर्यंत उतरत गेली. चकलांबा, युसूफ वडगाव, सगळी गावे. मी जमिनीवर बसलो. तीन दिवसांनी मला भूक लागल्याचे जाणवले.

त्यांनी मात्र आनंद दाखवला नाही. "नुसतं नाव दिसतंय. आत तेच हाय का, ते मला कळत न्हाई. तुमी वाचून दावा."

दोन दिवस आम्ही तेच केले. ते प्रत्येक पोथीचे पहिले, मधले आणि शेवटचे पान उघडीत, मी मोठ्याने वाची, ते वहीत बरोबरची खूण करीत आणि म्हणत, "पुढचं." श्रौत, ज्योतिष, वैद्यक, पुराण, सर्व त्यांच्या कानांवरून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका पोथीवर मी थांबलो असता ते पडद्याकडेच पाहत म्हणाले, "माझ्या आज्याला ह्या दाराच्या आत घेतलं नसतं, गुरुजी. मला तर पासवर्ड दिलाय तुमी."

त्यात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून ते सोपेही नव्हते. मी म्हणालो, "घेतले नसते. ते चूक होते." त्यांनी वहीत बरोबरची खूण केली. मग म्हणाले, "पुढचं."

शेवटच्या पोथीच्या अखेरीस लेखकाची विनवणी होती. पोथ्या नकलणारे पूर्वी शेवटी वाचकाला हात जोडीत: फार कष्टाने लिहिले आहे, याला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मी सवयीने अर्थ सांगून गेलो. त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावले.

"पाण्यापासून," ते म्हणाले.

"होय."

"हे तुमालाच लिवलंय की."

आम्ही दोघेही इतके हसलो, की अध्यक्ष धावत आले. तेव्हाच मी त्यांना सर्व सांगून टाकले. ते म्हणाले, की आता यंत्रावर कोरड्या अक्षतासुद्धा नकोत.

त्याच आठवड्यात दोन प्रती निघाल्या. एक पाठशाळेच्या कपाटात ठेवली. दुसरी याच इमारतीत ठेवणे त्यांना मान्य नव्हते. आग लागली तर दोन्ही जातील, प्रत दुसऱ्या गावात पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. कोणाच्या घरी ठेवावी, यावर समितीत बरीच चर्चा झाली. शेवटी मी म्हणालो, की नेकनूरला ठेवावी.

पुढे त्यांना पुण्यात मोठ्या कंपनीत काम मिळाले. जिथे खोल्याच्या खोल्या सर्व्हरनी भरलेल्या असतात, अशा ठिकाणी ते आता असतात. आमच्या म्हाताऱ्याला दुसरे गृहस्थ पाहतात. ते चांगले आहेत, पण यंत्राशी बोलत नाहीत.

दर तीन-चार महिन्यांनी मी प्रत तपासायला नेकनूरच्या बसने जातो. घरी त्यांच्या आई एकट्या असतात. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पत्र्याची पेटी. त्या आधी मला पाणी देतात, मग कंबरेची किल्ली काढून पेटी उघडतात. मुलाच्या डिप्लोम्याच्या कागदांखालून डिस्क निघते, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात चौपदरी बांधलेली, गाठ सैल नाही आणि फार आवळलेलीही नाही. आपल्या घरांतून पोथी अशीच बांधीत. त्यांना हे कुणी शिकवले, असे मी विचारले, तर त्या म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात. जपायचं हाय म्हनला पोरगा, म्हनून बांदलं."

मी लॅपटॉपला डिस्क जोडतो आणि दोन-चार पोथ्या उघडून पाहतो. त्या उंबऱ्यावर बसून असतात. माझे झाले की पुण्याला फोन लावतात आणि तिकडून आवाज येण्याआधीच सांगतात, "गुरुजी आलते. सगळं हाय म्हनत्यात."