भट्टीवाली अक्का

अक्काला भुवया नव्हत्या. म्हणजे जन्मापासून नव्हत्या असं नाही. भट्टीच्या तोंडाशी वाकून वाकून त्या जळून गेल्या होत्या. लग्नकार्याला जायचं असलं किंवा सरकारी कचेरीत काम असलं की ती काजळाने भुवया काढून यायची. त्या कधी सारख्या जमायच्या नाहीत. एक वर, एक खाली. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, ही बाई आपल्याकडे संशयाने बघते आहे. अक्का म्हणायची, "वाटू दे की. कचेरीत तसंच वाटल्यालं बरं."

सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही शेजारी. मी शाळेत शिकवायचे आणि ती एका जुन्या बेकरीत टोस्ट पुड्यांत भरायला जायची. तिथेच बघून बघून भाजायला शिकली. पुढे घरचे माग बंद पडले, नवरा गेला, माग भंगारात विकले आणि रिकाम्या झालेल्या शेडमध्ये अक्काने स्वतःची भट्टी बांधली. बांधणारा मिस्त्री वैरागचा होता. तो निघून गेल्यावर अक्काने कितीतरी दिवस त्या भट्टीत नुसता मंद जाळ ठेवला, भाजलं काहीच नाही. मला वाटलं, पैसे संपले असतील. विचारलं तर म्हणाली, "नवी भट्टी हाय बाई. एकदम तापवली की तडकती. हळूहळू सवय लावायची, नव्या सुनंला लावतो तशी." अक्काला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सुनेचा अनुभव तिने कुठून आणला देव जाणे.

दिवाळीच्या आधी तिच्या शेडसमोर बायकांची रांग लागायची. आपापल्या घरचा मैदा, तूप, पिठीसाखर डब्यातून आणायची, आणि अक्काने नानकटाई करून द्यायची. ती फक्त भाजणावळ घ्यायची. एका घरचं तूप दुसऱ्या घरच्या पिठात जाऊ नये म्हणून तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा. ट्रे ओळखू यावेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाच्या नानकटाईवर बाटलीच्या झाकणाचा ठसा, कुणाच्या नानकटाईला काट्याचे टोचे, माझ्या घरच्या नानकटाईवर तिचा अंगठा. मी एकदा म्हटलं, अगं, एखादा ट्रे इकडचा तिकडे झाला तर कुणाला कळणार आहे? तर माझ्यावरच उखडली. "ज्याचं तूप त्याच्याच घरी गेलं पायजे. तुमी शाळंत एकाचे मार्क दुसऱ्याला देता व्हय?"

आता गोष्टीचा दुसरा भाग. धंदा सुरू करा, सरकार तुमच्या पाठीशी आहे, असं चौकाचौकात फलकांवर लिहिलेलं असतं. ते खरंच आहे. अक्काच्या तर ते हात धुऊन पाठीस लागलं होतं. नियम आला की लाकडाची भट्टी चालणार नाही, वीज नाहीतर गॅस. नियमाला माझी हरकत नाही. धूर वाईट, हे मीच मुलांना शिकवते. अक्कालाही धुराचा पुळका नव्हता, खोकायची तीच. तिला विजेचा ओव्हन हवाच होता. पण मोठ्या मशीनसाठी वीजजोडणी मागायला गेलं की जागेची परवानगी आणा म्हणत. जागेचं विचारलं की ही राहती वस्ती आहे, औद्योगिक वसाहतीत जा म्हणत. तिथला लहानात लहान प्लॉट आमच्या अख्ख्या गल्लीएवढा. बँक म्हणे, चालू धंदा दाखवा, मग ओव्हनला कर्ज देऊ. आणि चालू धंदा लाकडावर, म्हणून तो दाखवायची सोय नाही.

अक्का तेलुगू शाळेत शिकलेली, म्हणून मी सोबत जायचे. कचेरीतलं मराठी मला तरी कुठे कळायचं! प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न ठरलेला, "मालक कुठायत?" अक्का म्हणायची, "हितंच उभी हाय की." मग तो माणूस माझ्याकडे बघायचा. मी अक्काकडे बोट करायचे. तरी तो मलाच समजावून सांगायचा.

बाहेर चहाच्या गाड्यावर एक एजंट बसलेला असायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. म्हणाला, "अक्का, गॅसचा एक जुना ओव्हन घ्या आन् पुसून म्होरं ठेवा. मागं काय जळतंय ते बघायला कोन येतंय? समदे तसंच करत्यात." खरंच करतात. त्या ओव्हनला रोज हळदकुंकू लागतं, पण काडी लागत नाही. मी एजंटच्या बाजूची होते आणि आजही आहे. अक्का मात्र म्हणाली, "दावायची एक आन् भाजायची एक, आसल्या दोन भट्ट्या मला जमायच्या न्हाईत. मी ओव्हनसाटी अर्ज केलाय. उत्तर येऊ दे." उत्तर येणार, यावर तिचा विश्वास होता. ते आलंही, फक्त गाडीतून आलं.

दिवाळी तोंडावर होती. भर दुपारी शेड डब्यांनी भरलेली आणि भट्टीत दोन-तीन घरांचे ट्रे. कुठल्या खात्याची गाडी ते सांगत नाही. सांगितलं तर ते खातं म्हणेल, आम्ही नव्हे, दुसरे. साहेब अगदी सभ्य होते. भट्टी विझवा म्हणाले. अक्का पुढे झाली. "विझवते साहेब. लाकडं भायेर ओढते, निखारे काढते. तुमच्या म्होरं दार लावते. उद्यापातूर आपोआप गार हुईल. फकस्त पाणी घालू नका, तडकती." साहेब म्हणाले, "बाई, मला आजच्या फोटोत विझलेली भट्टी पाहिजे." मी मध्ये बोलले, तर मला विचारलं, "तुम्ही मालकीण का?" त्या दिवशी बरोबर प्रश्न विचारला.

गाडीतल्या दोन माणसांनी कोपऱ्यातलं पाण्याचं पिंप उचललं आणि भट्टीच्या तोंडात ओतलं. आवाज फार मोठा झाला नाही. स्वयंपाकघरात काचेचा ग्लास तडकतो, तेवढाच. वाफेचा लोट आला आणि तो ओसरला तेव्हा भट्टीच्या कमानीला पुढून मागपर्यंत चीर पडलेली दिसली. मग पुढच्या विटा खाली आल्या, थेट ट्रेंवर. फोटो निघाला. सहकार्याबद्दल साहेबांनी आभार मानले.

अक्काने एवढंच विचारलं, "साहेब, तुमच्या घरी दिवाळीचं कोन करतं?"

"आम्ही विकत आणतो," साहेब म्हणाले.

नंतर ती दारोदार डबे परत करत हिंडली. ज्यांचं पीठ विटांखाली गेलं त्यांना आपल्या घरातलं तूप दिलं. लोक हळहळले. मग लोकांनी नानकटाई विकत आणली आणि कुणाची दिवाळी अडली नाही, हेही सांगितलं पाहिजे.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मार्चमध्ये महिला दिनाला अक्काला बोलावणं आलं, यशस्वी उद्योजिका म्हणून सत्कार! कर्जाच्या अर्जावरून कुणीतरी नाव उचललं असणार. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती गेली. शाल घेतली, नारळ घेतला, आणि बोलायला लावलं तेव्हा माइकवर म्हणाली, "भट्टी बंद हाय. कुनाला तिचं लोखंडी दार, ट्रे पायजे आसतील तर सांगा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी नीट ऐकलंच नसावं.

आता आमच्या रस्त्यावर काचेची मोठी बेकरी झाली आहे. अक्का तिथे डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकचे मोजे घालून गिऱ्हाइकांना केक बांधून देते. माल पुण्याहून गोठवून येतो, इथे नुसता गरम करतात. परवा गिऱ्हाईक कमी बघून मी तिला म्हटलं, "अक्का, नवी योजना आली आहे. पुन्हा बघायचं का? मी येते बरोबर."

ती काच पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, "नको बाई. तवा दारात गाडी थांबली की हातातलं टाकून भायेर पळायची मी. आता थांबली तर म्हनते, मालकाकडं आली आसंल. घरी जाते, जेवते, पडल्या पडल्या झोप लागती बघा. लई ब्येस हाय."

गल्लीतल्या बायका म्हणतात, बरं झालं, अक्का सुटली एकदाची. मला तिची ती झोप सहन होत नाही.